दोराच्या गाठी तुम्ही कुठे, कशा शिकलात?

मंडळी, भाची स्काउट-गाइडमधल्या गाइडमध्ये आहे. तिच्या प्रथम सोपान या परीक्षेची तयारी घेतोय. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, नावं घडाघडा पाठ; दोरी हातात दिली की गुंता. व्हिडिओ पाहून डोळे शिकतात, बोटं नाही, असं माझं मत झालंय. तुम्हाला पहिली कामाची गाठ कुणी शिकवली? नुसतं नाव नको, ती काय काम करते तेही लिहा.

* * *

आमच्याकडं गुरं, त्यामुळं शिकवणी गोठ्यातच. वडिलांचे नियम दोन. गळ्यातला फास आवळला नाही पाहिजे, आणि खुंट्याची गाठ एका ओढीत सुटली पाहिजे. दाव्याचं टोक पुरतं ओढून न घेता दुमडून आत घालायचं, झाली सुरगाठ. साप निघाला, आग लागली, जनावर दाव्यात पाय अडकून पडलं, तर निरगाठ सोडवत कोण बसणार? वडील दिवा मालवून सोडायला लावायचे. आमचा एक खोंड मात्र टोक चघळून स्वतःच मोकळा व्हायचा. त्याच्यासाठी उरलेलं टोक त्या दुमडीतून ओवून ठेवायचो.

* * *

मी नर्स. हात झोळीत बांधताना रीफ नॉट: उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. गाठ चपटी बसते, मानेला टोचत नाही. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ वाकडी होते आणि घसरते. बुटाच्या लेसवर लगेच कळतं. फुलाचे कान बुटाला आडवे राहिले तर बरोबर, उभे फिरले तर चूक.

* * *

वरच्या ताईंना पुस्ती: वजन पेलायला दोन दोर जोडताना रीफ नॉट वापरू नका, ती दगा देते. प्रस्तरारोहणात हार्नेसला, म्हणजे कमरेला-मांड्यांना घालायच्या पट्ट्यांना, आम्ही फिगर ऑफ एट, आठाच्या आकड्यासारखी गाठ, बांधतो. आधी दोरात एक सुटा आठ, मग टोक हार्नेसमधून ओवून त्याच आठाच्या वाटेनं परत. दोराच्या समांतर जोड्या मोजायच्या, पाच भरल्या पाहिजेत. टोक वीतभर तरी शिल्लक हवं. मग जोडीदार तपासतो. शिकाऊ असो की मुरलेला, सगळ्यांची गाठ तपासली जाते. बोलाइन, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, ताण पडल्यावरही सहज सुटते, आठ मात्र आवळून बसतो, नखं दुखतात. तरी हार्नेसला आठच, कारण ताण नसताना बोलाइन हलून हलून सैल पडू शकते.

मला खरी भुरळ पडली प्रुसिक नावाच्या गाठीची. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये ती मांडली. 6-7 मिलिमीटरच्या बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. वजन टाकलं की घट्ट धरतो, वजन काढलं की हातानं वर सरकतो. असे दोन फास घेतले की लोंबत्या दोरावरून माणूस वर चढतो. दोर ओला असेल तर आणखी एक वेढा द्यावा.

* * *

कोळीवाड्यातून. भाचीला सांगा, शीट बेंड, म्हणजे दोन दोऱ्या जोडायची गाठ, शिकायला दोरीचे तुकडे नकोत, जाळं बघ म्हणावं. हातानं विणलेल्या जाळ्यात प्रत्येक डोळ्याला तीच गाठ. सुई, पट्टी आणि आजीची चापट एवढ्यावर आम्ही शिकलो. हल्ली जाळी यंत्रावर विणलेली येतात, पण फाटलं की शिवायला बसावंच लागतं.

* * *

टेम्पोवर माल बांधणाऱ्या हमालाकडून शिकलो. दोराच्या मध्यात एक फास काढायचा, टोक खालच्या हुकातून आणून त्या फासात ओवायचं आणि खाली खेचायचं. फास कप्पीचं काम करतो, एकट्याच्या ओढीत कपाट गच्च. सुंभाला त्यावर एक अढी पुरायची. नायलॉन गुळगुळीत, त्याला दोन द्या, आणि पहिल्या चहाच्या टपरीवर उतरून पुन्हा एकदा ताणा.