मदत हवी आहे: थ्रिलर एका बैठकीत संपवला, आता मित्राला अभिप्राय काय देऊ?

मंडळी, एका मित्राने हेरगिरीवर कादंबरी लिहिलीये, अजून छापायला गेलेली नाही, मला वाचायला दिली आणि म्हणाला जे वाटेल ते स्पष्ट सांग. (असं म्हणणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेलं कितपत चालतं ते आपल्याला माहितीये.)

आधी चांगलं. रात्री साडेदहाला उघडली ती अडीचला संपवूनच झोपले. पाठलागाचा एक सीन तर जबरदस्त जमलाय, नायिकेला मागे कुणीतरी असल्याचा संशय येतो, पण ती पळत नाही, बुटाची लेस बांधायला वाकते आणि बंद दुकानाच्या काचेत बघते, तर मागचा माणूसही थांबलाय आणि उगाच खिसे चाचपतोय. बास, एवढंच. घाम फुटला मला.

पण सकाळी आठवायला गेले तर तिच्याशिवाय एकही माणूस डोक्यात राहिला नव्हता, आणि मग एकेक भोकं दिसायला लागली. तिच्या खांद्यात गोळी घुसते आणि दोनच प्रकरणांनी बाई पाइप धरून तिसऱ्या मजल्यावर! प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी फोन तरी वाजतो नाहीतर दार, सहाव्यांदा वाजलं तेव्हा मी चक्क हसले. फितूर कोण तेही आधीच कळलं, कारण अख्ख्या ऑफिसात गोड बोलणारा साहेब एकच. आणि खोटा पासपोर्ट? 'तिने मिळवला.' संपलं.

फोर्सिथच्या 'द डे ऑफ द जॅकल'मध्ये (१९७१) हाच भाग किती चवीने येतो, लहानपणीच वारलेल्या मुलाचा जन्मदाखला काढायचा, त्या नावाने पासपोर्ट करायचा, सगळं सावकाश. बरं त्यात ज्यांना मारायचा कट असतो ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल मरणार नाहीत हे आपल्याला माहितीच असतं, ते १९७० मध्ये घरीच वारले, तरी धडधड होतेच ना? मित्राला हे जरासं बोलून बघितलं तर म्हणे हल्ली वाचकाला पेशन्स नाही, मी थांबलो की तो पुस्तक खाली ठेवणार. आता यावर काय बोलणार, चार तास मी तरी कुठे ठेवलं होतं!

तर थ्रिलर भरपूर वाचणाऱ्यांनी, आणि कुणी लिहीत असेल तर त्यांनीही सांगा, वेग न घालवता ब्रेक नेमका कुठे मारायला सांगू? आणि तो फितूर लपवायचा कसा, अजून दोघांना गोड बोलायला लावून भागेल का? खांद्याचं काय, ते दुरुस्त होईल. परवा त्याचा फोन येणारे, त्याआधी सुचवा प्लीज.