सहावीच्या मुलांचं लेखन ब्लॉगवर टाकताना भाषा दुरुस्त करावी का?

शाळेची_बाई: मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. दिवाळी झाली की वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. मुलं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्यांचं लिहिलेलं तिकडे कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, फोनवर वाचता यावं म्हणून वर्गाचा ब्लॉग काढलाय. पहिलाच लेख आला: "माय पहाटं तीनला उठती अन् भाकरी थापती." मी 'पहाटे', 'उठते', 'थापते' केलं. मुलगा वाचून म्हणाला, "बाई, ही माझी माय वाटंना." तेव्हापासून लेख पडून आहे. तसाच टाकू का? केंद्रप्रमुख शुद्धलेखनावरून बोलतील, हेही डोक्यात आहे.

खडू_फळा: 'पहाटं' ही चूक नाही, बोली आहे. राहू द्या. 'मूलगा', 'आणी' मात्र सुधारायलाच हवं, पण तुम्ही नको, त्यानेच. मी आधी वहीत लिहून घेतो आणि चुकलेल्या शब्दाखाली नुसती रेघ मारतो. मूल शोधतं, पुन्हा लिहितं, मग फोनवर टाइप करतं. तेव्हा आणखी दोन-तीन चुका त्यालाच सापडतात. आणि खरा फरक वेगळाच पडतो. वहीतला निबंध एकट्या मास्तरसाठी, म्हणून 'माझे मामा प्रेमळ आहेत'. मामा स्वतः वाचणार म्हटल्यावर तीच मुलगी मामाचा खोंड दोनदाती झाला, हेही लिहिते.

तंत्रस्नेही: खातं तुमच्याच नावावर ठेवा; स्वतःचं गुगल खातं स्वतः सांभाळायला आपल्याकडे वयाची 13 वर्षं पूर्ण लागतात. पालकांची लेखी संमती घ्या. आडनाव, चेहऱ्याचा फोटो, गावाचं नाव काहीच नको. आईवडील घरी नाहीत हे लेखातच आहे, परक्याला पत्ता कळता कामा नये. गुगलच्या ब्लॉगरवर फक्त निमंत्रितांसाठी ब्लॉग ठेवता येतो, पण त्यासाठी वाचणाऱ्याला लॉग-इन करावं लागतं, कोपीवर कोण करत बसणार? त्यापेक्षा सर्च इंजिनांना दिसण्याची सेटिंग बंद करा, लिंक फक्त पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर द्या, आणि प्रतिक्रिया तुम्ही मंजूर केल्यावरच दिसतील असं ठेवा. शाळेच्या संगणकावर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये काही असेल तर तसंच चिकटवू नका, अक्षरांचा पार काला होतो. युनिकोडमध्येच टाइप करा.

शाळेची_बाई: दोघांचेही मनापासून आभार. रेघ मारून वही परत दिली. चार चुका त्याने स्वतः काढल्या, 'पहाटं' ठेवलं, गावाचं नाव काढलं. काल लेख टाकला. त्याच्या मायला वाचता येत नाही, मुकादमाच्या पोराने वाचून दाखवला आणि तिने सांगितलेली प्रतिक्रिया त्यानेच लिहून पाठवली: "तीनला न्हाई, अडीचला उठती मी. नीट लिही." आज प्रार्थनेच्या आधीच मुलगा दारात उभा होता, माझा फोन मागत. आकडा बदलायचा होता.