‘ब्रिगादिएर हेनेराल’ मराठीत नेमका कसा लिहावा?

शब्दवेल्हाळ यांचा प्रश्न:

१९८२ च्या फॉकलंड युद्धावरील एका स्पॅनिश लेखाचे मी मराठीत भाषांतर करीत आहे. तेव्हा अर्जेंटिनावर तीन सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाची सत्ता होती: भूदलाचे गाल्तिएरी, नौदलाचे आनाया आणि हवाई दलाचे लामी दोसो. मूळ लेखात त्यांचे हुद्दे अनुक्रमे ‘तेनिएन्ते हेनेराल’, ‘अल्मिरान्ते’ आणि ‘ब्रिगादिएर हेनेराल’ असे आहेत. मी ते सरळ ‘लेफ्टनंट जनरल’, ‘ॲडमिरल’ आणि ‘ब्रिगेडिअर जनरल’ असे लिहिले. मसुदा वाचून संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिले, “ॲडमिरलच्या शेजारी ब्रिगेडिअर कसा काय बसला?” शंका रास्त आहे. त्यातच चिलीवरील दुसऱ्या लेखात तेथील हवाई दलप्रमुखाला ‘हेनेराल देल आइरे’, म्हणजे शब्दशः ‘हवेचा जनरल’, म्हटले आहे. एकाच भाषेच्या दोन शेजारी देशांत सर्वोच्च हुद्द्याची नावे इतकी निराळी कशी, आणि दोन्ही ठिकाणी ‘एअर चीफ मार्शल’ लिहून मोकळे व्हावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_वायुसैनिक यांचे उत्तर:

आपल्या संपादकांची शंका अचूक आहे. घोटाळा केवळ नावाचा आहे. ४ जानेवारी १९४५ रोजी अर्जेंटिनाचे हवाई दल स्वतंत्र झाले. तेथे भूदलातील जनरल पातळीच्या हुद्द्यांच्या जागी ब्रिगादिएर, ब्रिगादिएर मायोर आणि ब्रिगादिएर हेनेराल अशी चढती श्रेणी आहे. यांतला शेवटचा हुद्दा सर्वोच्च असून तो भूदलातील तेनिएन्ते हेनेरालच्या बरोबरीचा आहे. म्हणजे लामी दोसो त्या मंडळात कनिष्ठ म्हणून नव्हे, तर बरोबरीच्या हुद्द्याने बसले होते. आपल्या मसुद्यातील ‘लेफ्टनंट जनरल’ही त्याच कारणाने फसवा आहे, कारण भारतात त्या हुद्द्याच्या वर जनरल असतो, तर अर्जेंटिनाच्या भूदलात तेनिएन्ते हेनेरालच्या वर कोणीही नसतो.

खरा सापळा मात्र खालच्या पायरीवर आहे. अर्जेंटिनाच्या हवाई दलातील ‘कोमोदोरो’ हा शब्द दिसताच आपला हात ‘एअर कमोडोर’ लिहायला धावतो. तसे लिहिले तर त्या अधिकाऱ्याला फुकटची बढती मिळते, कारण कोमोदोरो हा कर्नलच्या, म्हणजे आपल्याकडील ग्रुप कॅप्टनच्या तोडीचा असतो आणि एअर कमोडोर हा ब्रिगेडिअरच्या तोडीचा. शिवाय ‘ब्रिगादा आएरेआ’ म्हणजे तेथे एखाद्या तळावरील संपूर्ण हवाई आस्थापना. तिचे भाषांतर ‘हवाई ब्रिगेड’ असे केल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हवाई तळ उभाच राहत नाही.

दर्यावर्दी यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘दोन्ही ठिकाणी एअर चीफ मार्शल’ या सूचनेला माझा विरोध आहे. हुद्दा हा त्या त्या दलाच्या इतिहासाचा भाग असतो, आणि चिलीचेच उदाहरण घेतले तर ते लगेच ध्यानात येते. १९७३ च्या सत्तापालटातील हवाई दलप्रमुख गुस्ताव्हो ली हे हेनेराल देल आइरे होते. चिलीचे लष्करशहा पिनोचेत यांच्याशी मतभेद विकोपाला गेल्यावर जुलै १९७८ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले, त्यांच्याबरोबर बहुतेक सर्व हवाई जनरलही गेले, आणि फेर्नांदो मात्तेई यांच्याकडे धुरा आली. हे सारे वाचताना सर्वोच्च हुद्दा, त्याखालचा ‘हेनेराल दे आविआसिओन’ आणि त्याच्याही खालचा ‘हेनेराल दे ब्रिगादा आएरेआ’ हे वेगळे ओळखू आले नाहीत, तर कोण गेले आणि कोण उरले याचा अर्थच लागत नाही.

नाव सारखे म्हणून पायरी सारखी, असेही समजू नये. उरुग्वे अर्जेंटिनाच्या समोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे. तेथे मात्र ब्रिगादिएर हेनेरालच्या वर हेनेराल देल आइरे बसतो. स्पेनमध्ये तर हेनेराल देल आइरे हा हुद्दा १९९९ च्या कायद्याने आला. त्याच्याही वर ‘कापितान हेनेराल’ आहे. तो हुद्दा राजाकडे असतो आणि २०१४ पासून फेलिपे सहावे तो धारण करतात. भारतातील पाच तारकांच्या हुद्द्याची, म्हणजे ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ची, येथे आठवण होईल, मात्र आपल्याकडे तो अर्जन सिंग यांना २००२ मध्ये सन्मान म्हणून दिला गेला, राजपदाबरोबर आला नाही.

मेक्सिकोचे तर्कट आणखी निराळे आहे. तेथील हवाई दल भूदलाबरोबर एकाच संरक्षण खात्याखाली असल्यामुळे त्यातील सर्वोच्च अधिकारी ‘हेनेराल दे दिव्हिसिओन’ असतो. त्याखाली ‘हेनेराल दे आला’ आणि त्याच्याखाली ‘हेनेराल दे ग्रुपो’ येतो. ‘आला’ म्हणजे विंग. आपल्याकडे ग्रुप कॅप्टन हा विंग कमांडरपेक्षा वरिष्ठ, तर मेक्सिकोत विंगचा जनरल ग्रुपच्या जनरलपेक्षा वरिष्ठ! शब्दांवरून ज्येष्ठता ठरवणाऱ्यांनी निदान येथे तरी थांबावे.

लिमाकर यांचे उत्तर:

पेरूविषयी थोडी भर घालतो. तेथेही सेवेतील सर्वोच्च हुद्दा हेनेराल देल आइरे हाच आहे, पण एक किताब त्याहूनही मोठा मानला जातो: ‘ग्रान हेनेराल देल आइरे’. तो होसे किन्योनेस या वैमानिकाचा, आणि तोही मरणोत्तर. २३ जुलै १९४१ रोजी एक्वादोरशी झालेल्या लढाईत ते विमानासह कोसळून मारले गेले तेव्हा ते केवळ लेफ्टनंट होते; पेरूत तो दिवस हवाई दल दिन म्हणून पाळला जातो. दहा सोलच्या जुन्या नोटेवर दर्शनी बाजूस त्यांचा चेहरा होता आणि मागच्या बाजूस पोट आभाळाकडे करून उलटे उडणारे विमान. ती नोट पहिल्यांदा हातात आली तेव्हा छपाईत चूक झाली असावी असे वाटून मी ती दोनदा फिरवून पाहिली होती. त्यामुळे पेरूवरील मजकुरात हा किताब आढळला, तर तो सेवेतील हुद्दा समजून कोष्टकात बसवू नये.

शब्दवेल्हाळ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ हुद्दा देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी एकदाच खुलासा करायचा, असे ठरवले आहे. ते वाक्य आता असे झाले आहे: “ब्रिगादिएर हेनेराल, म्हणजे अर्जेंटिनाच्या हवाई दलातील सर्वोच्च हुद्द्याचे अधिकारी, लामी दोसो हे मंडळाचे तिसरे सदस्य होते.” गाल्तिएरी यांच्या हुद्द्यालाही असाच खुलासा जोडला आहे. दुसऱ्या प्रकरणातील सात ‘एअर कमोडोर’ खाली उतरवून पुन्हा कोमोदोरो केले. आधीच्या ‘सगळीकडे बदला’ या आज्ञेत एक गाव मात्र विनाकारण सापडले होते. कोमोदोरो रिव्हादाव्हिया या शहराला मी पहिल्या मसुद्यात ‘एअर कमोडोर रिव्हादाव्हिया’ करून ठेवले होते, आणि ते नाव तर एका नौदल अधिकाऱ्याचे आहे!

निवृत्त_वायुसैनिक:

त्याच शहरात १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण हवाई दलाचे मुख्यालय होते आणि त्याचे नेतृत्व एर्नेस्तो क्रेस्पो करीत होते. आपल्या लेखात त्यांचा उल्लेख असल्यास तो तपासून घ्यावा. युद्धाच्या वेळी ते नुसते ब्रिगादिएर होते. ब्रिगादिएर हेनेराल आणि हवाई दलप्रमुख ते पुढे झाले.