मदत हवी आहे : किरणोत्सवाची दिशा तीच, मग सूर्यास्ताची वेळ वेगळी का?

मंडळी, कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव (मावळत्या सूर्याची किरणं देवळात थेट मूर्तीवर पडतात तो) ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा का, हे आठवीच्या पोरांना पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन समजावलं. २१ डिसेंबरपासून दोन्ही तारखा साधारण सारख्याच लांब, त्यामुळं दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेच्या जवळपास १८ अंश दक्षिणेला मावळतो. इथवर पटलं.

मग एका पोरीनं कॅलेंडरच पुढं केलं. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, फेब्रुवारीत साडेसहाच्या! गाव तेच, दिवसही तेवढाच, जेमतेम साडेअकरा तासांचा. (पोरगी वकील होणार.) स्टेलॅरियममध्ये (आकाश दाखवणारं संगणकावरचं ॲप) पाहिलं तर सूर्योदय आणि मध्यान्हही अर्धा तास पुढं सरकलेली.

आसाचा कल आणि लंबवर्तुळाकार कक्षा ही दोन कारणं मला माहीत आहेत. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणून वेगात, हे पोरांनाही कळतं. पण आलेख काढला की सगळी जांभया देतात. प्रोजेक्टर नाही, त्रिकोणमिती अजून शिकवलेली नाही, तास एकच.

नुसता कक्षेतला वेग सांगून या अर्ध्या तासाचं उत्तर पुरं होईल का, की आसाच्या कलाचा वाटाही दाखवावाच लागेल? लागणार असेल तर तो पृथ्वीगोलावर कसा दाखवायचा?