रिक्त पदांचा तक्ता पुरेसा आहे का? कोल्हापूर जिल्ह्यातील आरोग्य मनुष्यबळावरील प्रबंधाविषयी

प्रश्न : करवीर_अभ्यासक

नमस्कार. मी कोल्हापुरात सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत असून, जिल्ह्यातील शासकीय आरोग्य सेवेतील मनुष्यबळ हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. शाहूवाडी आणि गगनबावडा हे डोंगराळ तालुके एकीकडे आणि शिरोळ, हातकणंगले हे दाट वस्तीचे सखल तालुके दुसरीकडे, अशी तुलना करण्याचा विचार आहे. माहितीच्या अधिकारात मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचे आकडे मागवायचे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मांडलेला दर दहा हजार लोकसंख्येमागे ४४.५ डॉक्टर, परिचारिका व प्रसाविका हा निकष त्यांना लावायचा आणि सोबत कर्मचाऱ्यांच्या थकव्याविषयी प्रश्नावली भरून घ्यायची, अशी आखणी केली आहे.

अडचण अशी आहे की, पाहणीसाठी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले असता तक्त्यावरची भरलेली पदे आणि ओपीडीच्या वेळेत हजर असलेली माणसे यांचा मेळ बसला नाही. कोणी रजेवर होते, कोणी प्रशिक्षणाला गेले होते, तर एकाची प्रतिनियुक्ती दुसऱ्याच कार्यालयात होती. असे असताना केवळ रिक्त पदांच्या टक्केवारीवर प्रबंध उभा करणे योग्य ठरेल का?

उत्तर : निवृत्त_इन्चार्ज_सिस्टर

ताई, तुम्हाला जे दिसले तेच खरे अभ्यासण्यासारखे आहे, म्हणून ते सोडू नका. मी अनेक वर्षे शासकीय रुग्णालयात वॉर्ड सांभाळला. कागदावर आमच्या वॉर्डात परिचारिका पुरेशा दिसत, पण रात्रपाळीला बहुतेक वेळा एकच स्टाफ नर्स असे आणि मदतीला नर्सिंगच्या विद्यार्थिनी असत. त्या एका सिस्टरने रात्री काय काय करायचे, हे एकदा तिथे उभे राहून पाहा. संध्याकाळच्या पाळीकडून एकेका खाटेजवळ हँडओव्हर घ्यायचा, मग इंजेक्शनची ट्रॉली फिरवायची, सलाईन बदलायचे, केसपेपरवर नोंदी करायच्या. मध्येच नवीन रुग्ण येतो, खाट नसेल तर त्याची गादी जमिनीवर घालावी लागते आणि तोही तिच्याच हिशेबात येतो.

यात एक गोष्ट तुमच्या आराखड्यात दिसली नाही, ती म्हणजे वर्ग चारची पदे. मामा आणि मावशी (वॉर्डबॉय आणि आया) नसतील तर रक्तपेढीतून पिशवी आणायला, रुग्णाला सीटी स्कॅनला न्यायला, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला परिचारिकाच जाते आणि तितका वेळ वॉर्ड उघडा पडतो. परिचारिकेचे पद भरलेले असते, पण तिचे काम दुसऱ्याच रिकाम्या पदाने खाल्लेले असते. त्यामुळे एका संवर्गाची टक्केवारी सुटी काढून काही समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : आकडेमोड

मी समाजवैद्यकशास्त्र शिकवतो. दोन दुरुस्त्या आधी सुचवतो.

पहिली निकषाविषयी. ४४.५ हा आकडा शाश्वत विकास उद्दिष्टांच्या संदर्भात देशपातळीवरच्या तुलनेसाठी काढलेला आहे आणि त्यात शासकीय व खासगी असे सर्वच मनुष्यबळ धरलेले असते. तो एखाद्या तालुक्यातील फक्त शासकीय पदांना लावला, तर उत्तर भयानक येईल, पण त्याला अर्थ राहणार नाही. शासकीय केंद्रांसाठी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके वापरावीत, ज्यांत सखल भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरले आहे. खासगी क्षेत्र मोजण्यासाठी डॉक्टर व परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदांची नोंदणीपुस्तके वापरण्याचा मोह होईल, परंतु निवृत्त झालेले, परदेशी गेलेले आणि दिवंगत यांची नावे तेथून वेळेवर कमी होत नाहीत. स्रोत बदलला की चित्र किती बदलते, याचे ठळक उदाहरण म्हणजे सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१ च्या जनगणनेवरून केलेला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेला अभ्यास. त्यात स्वतःचा व्यवसाय ॲलोपॅथी डॉक्टर असा सांगणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांकडे वैद्यकीय पात्रता नव्हती, असे आढळले.

दुसरी दुरुस्ती पद्धतीची. पदे मोजण्याऐवजी कामाचा भार मोजून त्यावरून माणसांची गरज काढण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेच विकसित केली आहे आणि ती 'विस्न' (WISN) या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. एका कर्मचाऱ्याला वर्षात प्रत्यक्ष किती तास उपलब्ध होतात, हे तिच्यात आधी काढतात. उदाहरणादाखल, ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा आणि सण व प्रशिक्षणाचे १५ दिवस वजा केले की २६० दिवस उरतात, म्हणजे आठ तासांच्या पाळीने २,०८० तास. आता वॉर्डात चोवीस तास फक्त एक परिचारिका उभी ठेवायची असेल, तर वर्षाचे ८,७६० तास भरावे लागतात. भागाकार केला तर ४.२ येतो. चार जणी नेमूनही त्या वॉर्डात एका वेळी एकच सिस्टर का दिसते, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे आणि त्यात अजून आजारपण, प्रसूती रजा व प्रतिनियुक्ती धरलेलीच नाही. पुढे प्रत्येक कामाला लागणारा वेळ अनुभवी कर्मचाऱ्यांच्या गटाकडून ठरवून घेतात, वर्षभरातील कामाच्या संख्येने तो गुणतात आणि असलेले मनुष्यबळ भागिले लागणारे मनुष्यबळ असे गुणोत्तर मांडतात. ते १ पेक्षा जितके खाली, तितका भार जास्त.

थकव्यासाठी मास्लाक यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, पण तिच्या वापराला परवाना शुल्क पडते. कोपनहेगनची १९ प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे. मात्र कोणतीही घेतली तरी आज कामावर असलेल्यांनाच तुम्ही विचारणार आहात. ज्यांनी राजीनामा दिला, पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत किंवा आखातात गेले, ते नमुन्यात येणारच नाहीत आणि नेमका सर्वाधिक थकवा तुमच्या हातून निसटेल. अशा दहा-पंधरा जणांच्या मुलाखती अवश्य घ्या.

उत्तर : बावड्याकडची_एएनएम

सरांनी सांगितलेला हिशेब बरोबर आहे, पण उपकेंद्रात कामाला लागणारा वेळ कसा ठरवणार, हा प्रश्न उरतो. सखल भागात एका घरी गरोदर मातेची भेट घ्यायला जितका वेळ लागतो, तितक्यात आमच्याकडे एक वाडी गाठून होत नाही. पावसाळ्यात कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर पाणी आले की लस वेळेत पोहोचवणे हेच मोठे काम होते आणि ते कोणत्याही अहवालात काम म्हणून येत नाही. घरभेटीनंतर तीच माहिती आधी रजिस्टरमध्ये आणि मग पोर्टलवर भरायची, तीही मोबाईलला रेंज मिळेल त्या ठिकाणी जाऊन. तुमच्या वेळापत्रकात प्रवास आणि नोंदी यांचे वेगळे रकाने ठेवा, ही कळकळीची विनंती आहे.

शिरोळ-हातकणंगले भागातल्या माझ्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी आहे. तिथे गाळप हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. फडाजवळच्या खोपटांत गरोदर बायका असतात, लसीकरण अर्धवट राहिलेली मुले असतात आणि त्यांना शोधून सेवा देण्याची जबाबदारी आशाताई व एएनएम (उपकेंद्रातील साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) यांचीच असते. २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याची ३८,७६,००१ ही लोकसंख्या धरून निकष लावला, तर ही माणसे त्यात कुठेच नसतात. आणि आशाताईंना कर्मचारी म्हणून धरणार की नाही, हेही आधी ठरवा, कारण त्या मोबदल्यावर काम करतात आणि मंजूर पदांच्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही.

करवीर_अभ्यासक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आराखडा बदलत आहे. चारऐवजी गगनबावडा आणि शिरोळ हे दोनच तालुके घेईन, रिक्त पदांचा तक्ता फक्त पार्श्वभूमी म्हणून ठेवीन आणि कामाच्या भाराचा हिशेब मुख्य करीन. प्रवास, नोंदी आणि हंगामी स्थलांतरित यांचे रकाने वेगळे राहतील आणि आशाताईंचाही समावेश करीन. परवानगी कोणाकडे मागायची, एवढे सांगावे.

उत्तर : आकडेमोड

एका कार्यालयात काम होणार नाही. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांसाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सक, असे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतील. पुढे कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय घ्यायचे ठरवलेच, तर ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने अधिष्ठात्यांकडे तिसरा अर्ज द्यावा लागेल. आस्थापना वेगळ्या असल्याने आकडे एकत्र कोठेही मिळणार नाहीत, ते तुम्हालाच जुळवावे लागतील.

त्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता घ्या आणि तिच्यापुढे एक मुद्दा स्वतःहून मांडा. ज्या उपकेंद्रात एकच एएनएम आहे, तिथे नाव गाळून फक्त उपकेंद्र लिहिले तरी ती कोण हे वरिष्ठांना लगेच कळते. म्हणून थकव्याची उत्तरे उपकेंद्रनिहाय न देता तालुक्याच्या पातळीवर एकत्र मांडा आणि भरलेल्या प्रश्नावल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातून गोळा न करता स्वतः जाऊन घ्या. तसे केले नाही, तर सगळ्यांचे सगळे उत्तम चालले आहे, एवढेच तुम्हाला लिहून मिळेल.