ग्रामपंचायतीत पडले, तरी खर्चाचा हिशोब द्यावा लागतो का?

पऱ्हाटी_यवतमाळ
नमस्कार. आमची ७ सदस्यांची ग्रामपंचायत. मी सदस्यपदाला उभी होते, ११ मतांनी पडले. निकालाला आज २१ दिवस झाले. घरचे म्हणतात, "पडलेल्याले कोण हिशोब मागते?" पण माझ्या जिवाला चैन नाही. वेचणीच्या मजुरीची वही आहे ना, तिच्यातच उलट्या बाजूनं सगळं लिहिलंय. ऑटो नि भोंगा दोन दिवसांचे २,४००, पत्रकं ६००, चहा-पोहे १,१५०. भोंगेवाल्यानं पावती दिली नाही. एक फ्लेक्स दिरानं स्वतःच्या पैशानं लावला, तोही धरायचा का?

गावठाण
ताई, द्यावाच लागतो. निवडून आलेला, पडलेला, बिनविरोध आलेला, सगळ्यांनाच. मुदत निकालापासून ३० दिवस. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ ब वाचा: सबळ कारण नसताना हिशोब दिला नाही, तर ५ वर्षं अपात्र. पुढच्या वेळी फॉर्मच भरता यायचा नाही. फ्लेक्स धरा, नाव तुमचंच होतं. सदस्याच्या खर्चाला मर्यादा आहे, तुम्ही तिच्या कुठल्या कुठं खाली आहात.

वाशिमची_सून
आणि पोच घ्या, ताई. मी निवडून आले होते. हिशोब वेळेत नेला, बाबू म्हणाले "ठेवून जा", मी ठेवून आले. पुढं नोटीस आली, तेव्हा कागद सापडेना आणि माझ्याजवळ शिक्क्याची प्रत नाही. सुनावणीत काय दाखवणार? सदस्यपद गेलं. अजून झोंबतं.

नांगरट
आपण पोह्यांचा हिशोब द्यायचा, अन् मोठ्या पक्षांचं काय जी? आमदारकीच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायचे ते निवडणूक रोखे तर कोर्टाला रद्द करावे लागले.

पऱ्हाटी_यवतमाळ
भाऊ, तुमचं खरं आहे. रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द झाले, तेव्हा कुठं देणाऱ्यांची नावं लोकांपुढं आली. पक्षांनाही मर्यादा पाहिजेच, मी तर ग्रामसभेतही बोलीन. पण म्हणून माझी वही मी काउन लपवू? ज्यांनी मत दिलं त्यांना पैसा कुठून आला, कुठं गेला हे कळलं पाहिजे.

वाशिमच्या ताई, वाचून पोटात कालवलं. उद्या भोंगेवाल्याकडून पावती लिहून घेते, फ्लेक्सचे ७०० दिराच्या नावासकट मांडते. सोमवारी तहसील. दोन प्रती नेते, एकीवर शिक्का घेतल्याशिवाय उठत नाही.