सभागृह, आठवड्याचे तीन टक्के आणि कष्टाचा पैसा

सचिव, व्यवस्थापन समिती
सोसायटीच्या ग्रुपवरील सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत ‘घरबसल्या उत्पन्न’ या विषयावरील कार्यशाळेसाठी आपले सभागृह मिळावे, असा अर्ज सी-२०४ या घरातून समितीकडे आला आहे. सोबतच्या पत्रकावर ‘दर आठवड्याला ३ टक्के परतावा, मुद्दल पूर्ण सुरक्षित, ऑप्शन ट्रेडिंग आमचे तज्ज्ञ करतात’ असा मजकूर आहे. (ऑप्शन म्हणजे शेअरचा भाव किंवा बाजाराचा निर्देशांक ठरावीक मुदतीत कुठे जाईल, यावर पैसे लावण्याचा करार.) बारसे, वाढदिवस किंवा हळदीकुंकू असेल तर समिती परस्पर परवानगी देते. पण येथे सभासदांच्या पैशांचा प्रश्न असल्यामुळे गुरुवारपर्यंत सर्वांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

सी-२०४
नमस्कार. अर्ज मी केला आहे, म्हणून माझी बाजू मांडतो. कार्यशाळा घेणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांच्याकडे १ लाख रुपये भरले आणि गेले १७ आठवडे दर सोमवारी माझ्या खात्यात ३ हजार रुपये जमा झाले आहेत. म्हणजे ५१ हजार रुपये मला प्रत्यक्ष मिळालेले आहेत. ही ऐकीव गोष्ट नाही.

माझा पगार हातात ३२ हजार येतो. घरभाडे, आईची औषधे, मुलीची फी आणि लोकलचा पास यांतून महिनाअखेरीस काहीही उरत नाही. सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो, त्यामुळे मी कष्ट करत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. माझ्या वडिलांनी कारखान्यात २८ वर्षे काढली. कारखाना बंद पडला आणि त्यांची सगळी देणी आजही मिळालेली नाहीत. म्हणून ‘कष्टाला पर्याय नाही’ असे कोणी म्हणाले की मला वडिलांचा चेहरा आठवतो. जे मला मिळाले ते आपल्या इमारतीतल्या माझ्यासारख्या इतरांनाही मिळावे, एवढाच माझा हेतू आहे.

बी-२०१
रविवारी सभागृह रिकामेच असते आणि भाडेही मिळेल. ज्याला पटेल तो पैसे भरेल, ज्याला पटणार नाही तो उठून जाईल. समितीने यात पडण्याचे कारण मला दिसत नाही.

ए-१०२
सी-२०४ मधील आपल्या तरुण शेजाऱ्याचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही आणि पुढचे सगळे मी त्याला माझ्या मुलाच्या ठिकाणी मानून लिहीत आहे. मी ३६ वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यांतली बरीच वर्षे काउंटरच्या पलीकडे ठेव मोडायला आलेली माणसे पाहण्यात गेली. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी माणसे ठेव मोडत. पण काही जणांना कारण विचारले की ते नजर चुकवून ‘दुसरीकडे जास्त मिळते’ एवढेच सांगत. त्यांतले काही जण वर्षभराने पुन्हा माझ्यासमोर आले, तेव्हा त्यांना सोने तारण ठेवून कर्ज हवे होते.

प्रथम हिशेब पाहू. आठवड्याला ३ टक्के हा आकडा दिसायला लहान आहे, म्हणूनच तो निवडलेला असतो. पण मिळालेले पैसे पुन्हा त्यातच भरत गेले, तर १ लाखाचे वर्षाअखेरीस सुमारे ४ लाख ६५ हजार होतात, दोन वर्षांनी साडेएकवीस लाखांच्या पुढे जातात आणि तीन वर्षांनी तीच रक्कम १ कोटी होते. ज्या माणसाला हे खरोखर साधले आहे, त्याला तुमच्याआमच्या १ लाखाची गरज का पडावी? त्याने स्वतःचे १ लाख लावून तीन वर्षे शांत बसावे. दीड हजार रुपये भाडे भरून डोंबिवलीतल्या एका सोसायटीचे सभागृह तो मागतो, त्या अर्थी त्याला परताव्यापेक्षा नव्या माणसांची निकड जास्त आहे.

आता मिळालेल्या ५१ हजारांबद्दल. मुद्दल १ लाख आणि हाती आलेले ५१ हजार. म्हणजे अजून ४९ हजार रुपये त्यांच्याकडे अडकलेले आहेत. मुद्दल परत मिळेपर्यंत याला नफा म्हणता येत नाही, तोवर आपलेच पैसे हप्त्याहप्त्याने आपल्याकडे येत असतात. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आश्वासन देऊन हेच केले होते: नंतर आलेल्यांच्या पैशांतून आधीच्यांना द्यायचे. पहिल्या मंडळींना पैसे वेळेवर मिळतात, त्यांचा विश्वास खराच असतो आणि तेच सर्वांत प्रामाणिक प्रचारक ठरतात. आपल्याकडे ही गोष्ट जुनी झालेली नाही. दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानासमोर जानेवारी २०२५ मध्ये जमलेली गर्दी सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. तेथेही परतावा दर आठवड्यालाच मिळत होता, तो थांबेपर्यंत. त्यांचे एक दुकान आपल्या शेजारी कल्याणलाही होते.

बी-२०१ यांच्या म्हणण्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. अशा योजनेचे खरे भांडवल ओळख हे असते. अनोळखी माणसाने स्टेशनबाहेर पत्रक वाटले तर आपण ते घडी करून टाकून देतो. पण तोच माणूस आपल्या सभागृहात, आपल्या गणपतीच्या मखराच्या जागी उभा राहून बोलू लागला की ऐकणारा मनात म्हणतो, ‘समितीने चौकशी केलीच असेल.’ चौकशी कोणी केलेली नसते. अनियंत्रित ठेव योजनांवर, म्हणजे नियामकाकडे नोंदणी नसताना लोकांकडून ठेवी घेण्यावर, बंदी घालणारा कायदा २०१९ पासून लागू आहे आणि पैसे घेण्याबरोबरच अशा योजनेची जाहिरात करणे हाही त्याखाली गुन्हा आहे. दीड हजार रुपयांसाठी सोसायटीने त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याचे पैसे घेऊन त्याच्या वतीने बाजारात गुंतवणूक करायची असेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीची नोंदणी लागते आणि अशा सेवेची, म्हणजे पोर्टफोलिओ व्यवस्थापनाची, किमान मर्यादा ५० लाख रुपये आहे. परताव्याची हमी तर नोंदणीकृत सल्लागारालाही देता येत नाही. ‘मुद्दल पूर्ण सुरक्षित’ आणि ‘ऑप्शन ट्रेडिंग’ हे शब्द एकाच पत्रकावर आले, तेव्हा माझ्यापुरता प्रश्न संपला.

ए-३०१
काकांनी योजनेबद्दल लिहिले, मी ऑप्शनबद्दल लिहितो, कारण त्यात माझे स्वतःचे पैसे गेले आहेत. घरच्यांशिवाय हे आजवर कोणालाही सांगितले नव्हते. चौदा महिन्यांत माझे ३ लाख ४० हजार रुपये गेले. मी संगणक अभियंता आहे, आकडेमोड मला येते, आणि तेवढ्याच बळावर मी त्यात उतरलो होतो.

सुरुवातीला एका दुपारी चाळीस मिनिटांत ११ हजार रुपये मिळाले. त्या दिवशी कार्यालयातून घरी येताना माझा पगार मला पहिल्यांदा क्षुल्लक वाटला, आणि पुढच्या सगळ्या नुकसानीची सुरुवात मी त्या क्षणापासून मोजतो. ज्या कामासाठी मी चार वर्षे अभियांत्रिकी आणि नंतर नऊ वर्षे नोकरीत घालवली होती, ते काम करताना मोबाइल मांडीवर ठेवून मी दर दोन मिनिटांनी खाली पाहू लागलो. आठवड्याच्या मुदतीचा ऑप्शन विकत घेतला की निर्देशांक जागच्या जागी राहिला तरी त्याची किंमत दररोज झिजत जाते आणि अपेक्षित पातळी गाठली गेली नाही, तर मुदतीच्या दिवशी ती शून्य होते. बर्फाची लादी उन्हातून घरी नेण्यासारखे आहे हे. दिशा बरोबर असूनही उशीर झाला तर हातात काही उरत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास माझे पैसे गेल्यानंतर मी वाचला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला खरेदी-विक्री करण्याचे करार) आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता आणि सरासरी काढली तर तो माणशी सुमारे २ लाख रुपये येतो. खर्च वजा जाता १ लाखाहून अधिक नफा मिळवणारे १०० पैकी एकच होते. मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळी होती: तोटा झालेल्यांपैकी पाऊण हिस्स्याहून अधिक लोक तरीही खेळत राहिले. मी त्यांतलाच होतो. नियम कडक होऊ लागले त्या २०२४-२५ या वर्षातही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के आहे.

यावरून शेअर बाजारच वाईट, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. चांगल्या कंपनीचा हिस्सा घेऊन दहा-पंधरा वर्षे थांबणे ही वेगळी गोष्ट आहे आणि मी आजही ती दरमहा करतो.

बी-४०३
मला इतके आकडे समजत नाहीत, पण सी-२०४ मधल्या दादांचे वडिलांबद्दलचे वाक्य वाचून मी दोन वेळा फोन खाली ठेवला. कष्ट करणाऱ्याला त्याचे मोल मिळतेच असे नाही, हे खरे आहे आणि ते आपण मान्य केले पाहिजे. जे लोक तरुणांना नुसते ‘मेहनत करा’ सांगतात, त्यांनी आधी त्यांचा पगार विचारावा.

माझे पोळीभाजीचे काम तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पहाटे साडेचारला परात पुढे घेते. किलोभर कणकेच्या साधारण ३२ पोळ्या होतात; २५० पोळ्यांसाठी आठ किलो कणीक रोज मळावी लागते. पहिली तीन वर्षे मी आठ रुपयांना पोळी देत होते आणि दिवसभर राबूनही हाती काही उरत नव्हते. तेव्हा मलाही वाटायचे की कष्टाला अर्थ नाही. मग माझ्या भाचीने एका रविवारी वही घेऊन बसवले आणि कणीक, तेल, गॅस, डब्यांची ने-आण असे सगळे मांडले, तेव्हा कळले की मी माझी मजुरी हिशेबात धरलीच नव्हती. भाव वाढवला, चार गिऱ्हाइके तुटली, नंतर दहा आली. माझे हात तेवढेच चालत होते, फक्त त्या चालण्याची किंमत लावायला मी शिकले. दादा, तुम्ही हिशेब विभागात आहात. हे तुमच्याइतके मला कुठे येते? आपल्याच रस्त्यावरच्या किती दुकानदारांना जीएसटीचे कागद भरून देणारे विश्वासाचे माणूस हवे आहे.

आता जे लिहिते आहे ते मनावर दगड ठेवून लिहिते. बारा वर्षांपूर्वी, आम्ही जुन्या चाळीत राहत असताना, पैसे दुप्पट करून देणाऱ्या एका योजनेत यजमानांनी ६० हजार भरले होते. ती योजना आमच्या शेजारच्या वहिनींनी आणली होती. एक पिवळे कार्ड होते, त्यावर दर महिन्याला जांभळा शिक्का मारून मिळायचा. अकरा शिक्के झाले आणि कार्यालयाला कुलूप लागले. वहिनींचे स्वतःचे दोन लाख गेले होते, त्यांनी आम्हाला फसवले नव्हते. तरीही आमचे बोलणे बंद झाले ते झालेच. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. साठ हजार मी पोळ्या लाटून भरून काढले, वहिनी मात्र परत आल्या नाहीत. पिवळे कार्ड अजून कपाटात आहे, मी ते फेकत नाही.

सी-२०४
काका, ताई, दादा, तुम्ही सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे की राग धरायला जागाच नाही. एक गोष्ट मी पहिल्या संदेशात लिहिली नव्हती. माझ्या सांगण्यावरून माझ्या मेहुणीने ५० हजार आणि कार्यालयातल्या एका मित्राने १ लाख भरले आहेत, आणि त्याबद्दल मला २ टक्के वेगळे मिळाले. मी ते बक्षीस समजलो होतो. ताईंचा संदेश वाचल्यापासून मला ते पैसे खात्यात दिसले की अस्वस्थ वाटते आहे. आता मी नेमके काय करावे?

ए-१०२
हे स्वतःहून लिहिलेस, हेच अर्धे काम झाले. आजपासून एकाही माणसाला नव्याने यात आणू नकोस. दिलेल्या पैशांच्या पावत्या, बँकेचे उतारे, पत्रक आणि संदेशांची चित्रे एका ठिकाणी जपून ठेव. संदेश नंतर पुसले जातात, असा माझा अनुभव आहे. मग तिघांनीही मुद्दल परत मागणारे पत्र स्वतंत्रपणे लेखी द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची. तोंडी आश्वासनावर परत फिरायचे नाही. सेबीच्या संकेतस्थळावर त्या गृहस्थांच्या नावाची नोंदणी शोध, ती तेथे दिसायला हवी. टाळाटाळ झाली तर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार करता येते. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

महिनाअखेरीस काही उरत नाही, या तुझ्या मूळ अडचणीकडे मी डोळेझाक करत नाही. एखाद्या संध्याकाळी खर्चाची वही घेऊन ये. दरमहा ३ हजार जरी बाजूला पडले आणि ते ५ तारखेच्या आत सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीच्या (पीपीएफ) खात्यात गेले, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने १५ वर्षांत सुमारे साडेनऊ लाख होतात. ते आज बाजूला पडत नाहीत, हे मला कळते. बी-४०३ यांनी सुचवलेल्या जोडकामातून ते कसे निघतील, ते आपण पाहू.

बी-२०१
मी माझे पहिले मत मागे घेतो. औषधांच्या दुकानाचा माझा हिशेब सध्या बाहेर जातो. सी-२०४ यांना जमणार असेल तर मला आनंद होईल.

सचिव, व्यवस्थापन समिती
आलेली मते लक्षात घेऊन रविवारसाठी सभागृह देण्यात येणार नाही. गुंतवणुकीच्या कोणत्याही योजनेची पत्रके सूचना फलकावर किंवा या ग्रुपवर लावू नयेत, हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घेतला आहे.

सी-२०४
अर्ज मागे घेत आहे. त्या गृहस्थांना आज दुपारी फोन केला होता. सहा महिने पूर्ण होण्याआधी मुद्दल काढता येत नाही, असे त्यांनी सांगितले. पैसे भरताना ही अट मला कोणी सांगितली नव्हती. उद्या सकाळी साडेदहाला मी आणि ए-१०२ मधले काका त्यांच्या कार्यालयात पत्र घेऊन जात आहोत. मित्र स्टेशनवर भेटणार आहे. मेहुणीला मी आज रात्री घरी जाऊन समोरासमोर सांगणार आहे, फोनवर नाही.